उतारावरचं ओझं

लुग्गान, ९ ऑगस्ट १९९३

मानोंग बाहातान,

पत्र चुलीत टाकण्याआधी एवढं वाच. भांडायला लिहीत नाही. चार वर्षं बोललो नाही म्हणून मोठा भाऊ धाकटा होत नाही, तेव्हा मानोंगच म्हणतो. मला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही.

इना बरी आहे. आपल्या आईचे कान गेले, जीभ शाबूत आहे. सुपारी आता कुटून खाते आणि दात पडल्याचा दोष मला देते. भात कापून झालं. पाऊस रोज दुपारी येतो, आणि तो आला की मी ओसरीत उभा राहून समोरच्या डोंगराकडे बघत बसतो. दरड कुठून सुटेल याचा अंदाज करतो. तुला माहीत आहे मी कसा आहे. संकट यायच्या आधीच मी त्याला जेवायला वाढून ठेवतो.

विचारायचं ते असं. अमाची, आपल्या बापाची, उतारावर बसून सोडायची ती लांब लाकडी गाडी मी माळ्यावरून खाली काढली. पुढचं सिंहाचं तोंड वाळवीने खाल्लं होतं, ते नवीन कोरलं. पुढचं आणि मागचं, दोन्ही चाकं नवी केली, त्यांवर टायरची पट्टी ठोकली. आसाला डुकराची चरबी लावली, आता चाक फुंकरीने फिरतं. राहिला तो ब्रेक. मागच्या चाकावर टाचेने दाबायचा रबराचा तुकडा, बस, एवढाच ब्रेक. तो किती जाड हवा? अमा फळ्यांचं ओझं घेऊन खालच्या बाजाराला उतरायचा तेव्हा तू त्याच्या मागे बसायचास. मी मागून चालत यायचो. धबधब्याजवळच्या वळणावर तो काय करायचा, हे मी कधी पाहिलंच नाही. मी पोचायचो तोवर तुम्ही पुढे गेलेले असायचात.

आता बाजाराला जीपगाडी जाते. पोरं लाकडी गाड्या फक्त जत्रेतल्या शर्यतीसाठी ठेवतात. त्यांना ब्रेकबद्दल विचारलं तर हसतात.

ओझं कसलं ते विचारू नकोस. एका माणसाएवढं धर. किंवा दीड.

प्रभू तुला खाणीत सांभाळो.

लिनो


लुग्गान, २५ ऑगस्ट

मानोंग,

बसचा ड्रायव्हर म्हणाला, "पत्र हातात दिलं. वाचलं नाही, पण फेकलंही नाही. खिशात घातलं." म्हणजे वाचलं असशील. उत्तर नाही. ठीक आहे.

मग मीही लपवाछपवी सोडतो. फेलिसा माझ्याकडे आहे. ईस्टरपासून.

चार वर्षांपूर्वी तू ठरवलेलं लग्न मोडून ती रुबेनबरोबर पळाली, नवऱ्यामुलाकडच्यांनी पाठवलेली डुकरं परत हाकत न्यायची वेळ तुझ्यावर आली, गावभर तुझं हसं झालं, हे सगळं मला माहीत आहे. तुझी मुलगी आहे, राग तुझा आहे, मी त्यात पडत नाही. पण ती दारात उभी राहिली तेव्हा तिच्या हातात एक पिशवी होती आणि रुबेन जहाजावर गेला होता. मी काय करायला हवं होतं ते तूच सांग. नको, सांगू नकोस.

तिला मूल होणार आहे. ऑक्टोबरच्या शेवटी.

गेल्या आठवड्यात नर्स पेर्पेतुआ आली होती. तिने फेलिसाच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला, ओल्या मातीत पडावा तसा. मग हाताला पट्टा बांधून फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. नर्स लोकांना तोंड गप्प ठेवायला शिकवतात, पण पेर्पेतुआ आपल्याच गावची. तिच्या भुवया हलल्या.

"मीठ बंद," ती म्हणाली. "ऑक्टोबर लागला की खाली इस्पितळाजवळ राहायला जा. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर ऑक्टोबरचीही वाट बघायची नाही. लगेच."

"आणि रस्ता बंद असला तर?" मी विचारलं.

"काका, तुम्ही आधी चॅपेलमध्ये जाऊन पाऊस बंद करा. तुमचं तिथे चांगलं वजन आहे," ती म्हणाली. हसली. पण बाहेर पडताना ओसरीत माझी गाडी दिसली तशी थांबली. चाक हाताने फिरवून बघितलं. "हिच्यावर कोणाला नेणार आहात?"

"कोणाला नाही," मी म्हणालो. "नुसती दुरुस्त करतोय."

इनाला सगळं कळतं. ती आतून ओरडली, "तो नेणार? तो स्वतःलाच खाली नेऊ शकत नाही! लहानपणी उतार आला की गाडी काखेत मारून चालायचा!"

फेलिसा हसून हसून दमली. मग तिला धाप लागली आणि मी तिला भिंतीला टेकवून बसवलं.

मला भीती वाटते, मानोंग. चॅपेलची घंटा वाजवताना दोरी सुटेल म्हणून मनगटाला गुंडाळून घेतो. मुलांना धर्मशिक्षणाचे धडे देताना शब्द विसरतो. आणि ज्या उताराची मला जन्मभर भीती वाटली त्याचीच स्वप्नं पडतात. स्वप्नात गाडी चालते आणि मागे ब्रेकच नसतो, नुसता माझा पाय असतो.

रबर किती जाड, एवढं तरी कळव. शिव्या दे, पण त्यात ते घाल.

लिनो


लुग्गान, १२ सप्टेंबर

मानोंग,

पुडकं मिळालं.

बसच्या टपावर बांधून आलं, वर फक्त माझं नाव. आत खाणीच्या मोठ्या ट्रकच्या टायरचा करवतीने कापलेला तुकडा, तळहाताएवढा जाड, आणि त्याला दोन भोकं. चिठ्ठी नाही. पुडकं बांधलेला कागद उलटसुलट करून पाहिला, त्यावरही काही नाही. पण भोकं अमाच्या गाडीच्या ब्रेकच्या फळीला बरोबर बसली. खिळे सरळ आत गेले. इतक्या वर्षांनी तुला त्या दोन भोकांमधलं अंतर आठवत होतं.

फेलिसाने विचारलं, "कोणी पाठवलं?"

"खाणीत ओळखीचा एक माणूस आहे," मी म्हणालो.

तिने रबर हातात घेतलं, वास घेतला, खाली ठेवलं. त्या दिवशी तिने दोन वेळा भात मागून घेतला.

मग मी गाडी घेऊन चॅपेलच्या उतारावर गेलो. आधी मोकळी. ब्रेक दाबला की कुत्र्याला हाक मारल्यासारखी थांबते. मग पुढे रताळ्यांचं एक पोतं ठेवलं. थांबते, पण मनाविरुद्ध. मग दोन पोती. तेव्हा मला समजलं की उतारावर ओझं काय करतं. शाळेत मास्तरांनी शिकवलं होतं, घर्षण झालं की वेग कमी होतो. ते खरंच आहे. पण ओझं दुप्पट झालं म्हणून माझी टाच दुप्पट जड होत नाही. डोंगर ओझ्याच्या हिशेबाने ओढतो आणि मी माझ्या पायाच्या हिशेबाने धरतो. सुरुवातीला गाडी हलायलाच तयार नसते, ढकलावी लागते. आणि एकदा सुटली की मोकळ्या गाडीपेक्षा हट्टी. म्हणून अमा वेग वाढल्यावर ब्रेक दाबत नसणार, वेग यायच्या आधीपासूनच दाबून ठेवत असणार. बरोबर ना? तुला आठवत असेल. रबराचा जळका वास यायचा त्याच्या कपड्यांना. मला वाटायचं तो बाजाराचाच वास आहे.

अंब्रोस पलीकडून बघत होता. शेजारचा, तीन वेळा शर्यत जिंकलेला. स्वतःच्या गाडीचा ब्रेक त्याने तासून कागदासारखा केला आहे, वजन नको म्हणून.

"काका, ही गाडी आहे की मिरवणुकीतला देव?" तो म्हणाला. "गोगलगाय पुढे जाईल."

"जाऊ दे पुढे."

"रताळी कुठे न्यायचीत? मी एका दमात पोचवतो."

"रताळी नाहीत रे," मी म्हणालो, आणि त्याला सांगितलं. तो तोंडातली सुपारी थुंकून म्हणाला, "माझ्या गाडीवर दोन माणसं बसत नाहीत. पण कधीही हाक मारा. अर्ध्या जेवणावरून उठेन."

घरी येताना शेतांच्या बांधांकडे बघत आलो. एवढे उंच दगडी बांध, चुना नाही, माती नाही, दगड दगडाला धरून उभे. कशाने? खरखरीतपणाने. दगड गुळगुळीत असते तर हा सगळा डोंगर एका पावसात खाली गेला असता, आणि आपणही. मी मनात म्हटलं, प्रभू, तू जगात थोडा खडबडीतपणा ठेवलास म्हणून माणसाला उभं राहता येतं. एरवी मी प्रार्थनेत काही ना काही मागतो. त्या दिवशी मागितलं नाही.

आज सकाळपासून मात्र आकाश काळं आहे, आणि रेडिओ वादळाचं सांगतो आहे.

लिनो


लुग्गान, १९ सप्टेंबर

मानोंग,

रस्ता गेला. दोन ठिकाणी. एक दरड आपल्या वाडीच्या खाली लगेच, दुसरी पार पायथ्याशी, पुलाच्या अलीकडे. मधला रस्ता शाबूत आहे, पण त्यावर एकही गाडी नाही. गाड्या सगळ्या पुलापलीकडे अडकल्या. दुरुस्तीला कोण कधी येणार, कोणी सांगत नाही.

हे पत्र कोणाबरोबर पाठवावं ते कळत नाही. तरी लिहितो, नाहीतर हात मोकळे राहतात.

फेलिसाचं डोकं काल दुखत होतं. आज नाही म्हणते. पण मघाशी तिने सुईत दोरा ओवायला घेतला आणि ओवताच येईना, आणि "उजेड कमी आहे" म्हणाली. भर दुपार होती.

इना गप्प आहे. ती गप्प बसली की मला जास्त भीती वाटते.

लिनो


खालच्या गावचं इस्पितळ, २७ सप्टेंबर

मानोंग,

ती जिवंत आहे. हे आधी लिहितो. मूलही जिवंत आहे, मुलगी आहे. पण डॉक्टर "वाचली" असं म्हणत नाही, "बघू" म्हणतो, म्हणून मीही तेवढंच म्हणतो.

आता जसं झालं तसं लिहितो. तुला हक्क आहे.

डोकं पुन्हा दुखलं नाही, आणि पाऊस थांबला की नेऊ असं म्हणत दिवस गेले. परवा सकाळी ती चुलीजवळ बसली होती. "काका, किती काजवे," म्हणाली, आणि आडवी झाली. डोळे फिरले, दात घट्ट बसले, सगळं अंग धनुष्यासारखं ताठलं. मी तिचं डोकं मांडीवर धरलं आणि मला एकही प्रार्थना आठवली नाही. एकही. नर्स पेर्पेतुआ धावत आली, सुई टोचली. झटका थांबला.

"हिला आत्ताच्या आत्ता खाली न्या," ती म्हणाली. "पुन्हा झटका आला तर? माझ्याकडे एवढीच सुई होती."

माणसं जमली, बांबूला घोंगडीची झोळी बांधू लागली. आपल्याकडे आजाऱ्याला नेतात तशी.

"झोळीने संध्याकाळ होईल," पेर्पेतुआ म्हणाली. "संध्याकाळ हिच्याकडे नाही."

सगळ्यांनी अंब्रोसकडे पाहिलं. तो म्हणाला, "लिनोकाकांची लांब गाडी द्या, मी चालवतो. धबधब्याचं वळण मला डोळे मिटून येतं."

मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं का बोलू. पण फेलिसा शुद्धीवर येत होती. तिने माझी बाही धरली. "अंब्रोस नको. तू ने. तू हळू नेशील."

मानोंग, ज्या गोष्टीवर गाव जन्मभर हसलं, त्याच गोष्टीसाठी कोणी मला कधी मागून घेईल असं वाटलं नव्हतं.

माणसं झोळी बांधत होती तेवढ्या वेळात मी चॅपेलमध्ये गेलो. गुडघे टेकले. "मला धीर नको, टाच दे," एवढंच म्हणालो. परत आलो तर अंगणात गाडीजवळ इना. तिने कोंबडी कापली होती. गाडीच्या सिंहाच्या तोंडाला रक्त लावलं होतं, चरबी चोळली होती, कोठारातल्या भाताच्या देवांना चोळतात तशी, आणि जुन्या देवांची नावं पुटपुटत होती. अमाच्या मातीला फादरना बोलावलं म्हणून हीच बाई माझ्याशी वर्षभर बोलली नव्हती. त्या घटकेला म्हटलं, लावू दे. मी माझ्या देवाला सांगून आलो, ती तिच्या देवांना सांगते आहे. मी गाडीचं तोंड पाहिलं. मागचं चाक पाहिलं नाही.

वरच्या दरडीवरून फेलिसाला झोळीत आणि गाडी खांद्यावर घेऊन पलीकडे नेलं. तिथे रस्ता लागला. फेलिसाला माझ्यापुढे फळीवर बसवलं, पाठ माझ्या छातीला, आणि दोघांभोवती घोंगडी बांधली. अंब्रोस दोर घेऊन बरोबर आला. बाकीचे मागे राहिले. पेर्पेतुआ पायीच निघाली.

मी स्वभावाने घाबरट. म्हणून पहिल्याच सौम्य उतारावर ब्रेक तपासला. टाच दाबली. काहीच नाही. पुन्हा दाबली. रबर चाकावरून असं सरकलं जसं लोण्यावरून बोट. गाडी वेग घेऊ लागली. मी गाडी डोंगराच्या कडेला गवतात घातली, गवतात पाय घासत, आणि कशीबशी थांबवली.

खाली वाकून पाहिलं. रबर चकाकत होतं. चाक चकाकत होतं. इनाने एकही जागा सोडली नव्हती. तिच्या दृष्टीने सगळीच गाडी देवाची, मग ब्रेकनेच काय पाप केलं? आसाला चरबी लावतात हे तिने आयुष्यभर पाहिलं होतं. एकाच गाडीत एका जागी घासू नये आणि दुसऱ्या जागी घासलंच पाहिजे, हे तिला कोणी कधी सांगितलंच नाही. मीही नाही.

"काय झालं?" फेलिसा विचारत होती. डोळे मिटलेले.

"काही नाही. आजीने जास्त आशीर्वाद दिला," मी म्हणालो.

पावसाने चरबी धुतली जात नाही. मी कोयत्याने रबराचा वरचा थर खरवडला, चाकावरून दरडीची वाळू चोळली, पुन्हा खरवडलं. तू पाठवलेलं जाड रबर होतं म्हणून खरवडायला काही होतं. ब्रेक आला, पण अर्धा. रताळ्यांचं एक पोतं थांबवेल एवढा. पुढे धबधब्याचा उतार होता आणि माझ्यापुढे दीड माणूस.

अंब्रोस उताराकडे बघत होता. शर्यतीतला माणूस, वेग कसा वाढवायचा एवढंच त्याने आयुष्यात शोधलं. तो म्हणाला, "काका, आमच्यात एक चूक आहे ती कोणी करत नाही. गाडीच्या मागे काही लोंबलं की शर्यत गेली."

"मग?"

"मग तीच करू."

त्याने वादळाने पाडलेली पाइनची एक मोठी हिरवी फांदी ओढून आणली, दोराने गाडीच्या मागे बांधली. आम्ही थोडं गेलो. फांदी नुसती उड्या मारत मागून आली, तिला वजन नव्हतं. अंब्रोसने दगड शोधले, बांधले, ते निसटले. त्याने एकदा आकाशाकडे पाहिलं, एक सणसणीत शिवी घातली आणि स्वतःच फांदीवर बसला.

"चला!"

"अरे, सोलून निघशील!"

"माझ्या ढुंगणाची काळजी करू नका, पुढे बघा!"

आम्ही तसे उतरलो. उतार तीव्र झाला की अंब्रोस फांदीवर बसायचा, दोन्ही टाचा खडीत रोवायचा, आणि गाडी मागून कोणी शेपूट धरल्यासारखी जड व्हायची. उतार कमी झाला की उठून फांदी हातात धरून पळायचा, म्हणजे गाडी अडू नये. मी ओरडायचो, "बस!" आणि "ऊठ!" आणि तो बसताना "आई गं!" आणि उठताना "जय!" म्हणायचा. फेलिसा मध्येच हसली. मला वाटलं पुन्हा झटका आला. "हसते आहेस ना?" मी विचारलं. "हो काका." पुन्हा थोड्या वेळाने, "हसते आहेस ना?" "आता नाही, पण आहे."

धबधब्याचं वळण आलं. आजवर मी तिथे नेहमी पायीच उतरलो आहे. रस्त्याच्या कडेला कठडा नाही, खाली शेतांच्या पायऱ्या, त्यांत साठलेलं पाणी आणि पाण्यात आकाश. रस्त्यावर धबधब्याचं पाणी वाहत होतं. ओल्यावर रबर धरत नाही, फांदीही धरत नाही, हे मला पाण्यात चाक शिरल्यावर कळलं. मागून अंब्रोस किंचाळला, "सरकतंय, काका!" आम्ही तिघेही सरकत होतो. कडेकडे. फार जोराने नाही, मानोंग. हळूच. तेच भयंकर होतं. मी सगळा जोर टाचेवर दिला, तरी वेग तेवढाच राहिला, ना वाढला ना कमी झाला, आणि कड जवळ येत राहिली. माझ्या हाताखाली फेलिसाच्या पोटात मूल हललं. मला जाणवलं ते.

मग पाणी संपलं आणि खडी लागली. बस. मी काही केलं नाही. पाण्याच्या पलीकडे हातभर खडी उरली होती, तिने धरलं. फांदीने धरलं, रबराने धरलं, अंब्रोसच्या टाचांनी धरलं, आणि गाडी कडेला तोंड करून उभी राहिली. मी गाडी हाताने उचलून सरळ केली आणि आम्ही पुढे निघालो.

पायथ्याच्या दरडीवर दगड उपसायला पलीकडून माणसं आली होती. त्यांनी तिला उचलून पुलापलीकडच्या जीपमध्ये घातलं. जीपमध्ये तिला दुसरा झटका आला. इस्पितळात पोटावर कापून मूल काढलं. एवढंसं आहे, दिव्याच्या पेटीत ठेवलं आहे. फेलिसा अजून शुद्धीवर नाही.

अंब्रोस पलीकडच्या खोलीत पालथा झोपला आहे. नर्स त्याच्या पाठीला मलम लावतात तेव्हा तो म्हणतो, "शर्यतीत सगळ्यात शेवटचा आलो आणि बक्षीस हे." दुपारी त्याची बायको आली. ती रडायला लागली तर तो तिला म्हणाला, "रडू नकोस, समोरून अजून सुंदरच दिसतो."

मी बाहेरच्या बाकावर आहे. इथली फरशी गुळगुळीत आहे, मी दोनदा घसरलो. आता सगळं झाल्यावर प्रार्थना आठवायला लागल्या आहेत, पण त्या म्हणायला भीती वाटते. वाटतं, आपण काही मागितलं आणि डोंगराला आठवण झाली तर?

ये, मानोंग. माफ कर असं म्हणत नाही. नुसता ये.

लिनो


इस्पितळ, ३० सप्टेंबर

मानोंग,

हे पत्र टपालाने जाणार नाही. तू समोरच्याच बाकावर झोपला आहेस, चपला नाहीत, पाय गुडघ्यांपर्यंत चिखलाचे. माझं आधीचं पत्र तुला मिळालंच नाही. तू त्याच्या आधीच निघालास. रेडिओवर रस्ता गेल्याचं ऐकलंस, दरडींवरून चालत थेट लुग्गानला गेलास, आणि इनाने तुला सगळं सांगितलं. मघाशी आलास तेव्हा तू फक्त "कुठे?" म्हणालास आणि मी फक्त दार दाखवलं. मग तू दारापर्यंत गेलास, आत पाहिलंस, आणि परत येऊन या बाकावर आडवा झालास. चार वर्षांनंतर दोन भावांचं बोलणं एवढं झालं. म्हणून लिहितो.

तू झोपल्यावर डॉक्टर येऊन गेला. रक्ताचा दाब उतरला आहे. आजचा दिवस नीट गेला तर भीती बरीच कमी, म्हणाला. बरीच, सगळी नाही. मूल दूध ओढायला लागलं आहे.

आणि ती जागी झाली.

तिला अजून धूसर दिसतं. तिने पहिल्यांदा बाळाचं विचारलं. मग रुबेनला कोणी कळवलं का ते. मग दाराकडे बघत राहिली.

"काका, बाहेर कोण झोपलंय?"

"एक म्हातारा," मी म्हणालो. "फार चालून आलाय."

"खाणीतला का? तुझ्या ओळखीचा?"

मी हो म्हणालो. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रडली नाही. खांदे मात्र हलले. मी डॉक्टरला हाक मारायला उठलो, तर म्हणाली, "झटका नाही रे. तसं नाही."

मग पाणी मागितलं.

मानोंग, मी भांडं भरलं आणि तिला नेऊन दिलं नाही. इथे तुझ्या उशाशी ठेवलं आहे, हात लांबवलास तर लागेल. हा कागद त्याच्यावर झाकण म्हणून ठेवतो आणि तुझा खांदा हलवून मी इथल्या चॅपेलकडे जातो. वाचून झाला की बाजूला ठेव. तिला तहान लागली आहे.

लिनो